किनाऱ्याची दौलत व तेलाचें अरिष्ट

समुद्र हा खानदेशांतील शेतकऱ्यास आपला विषय वाटत नाहीं, व तें साहजिक आहे. पाचोऱ्याहून मुंबई आगगाडीनें साडेतीनशें किलोमीटरांहून अधिक दूर; आमच्या तालुक्यांतील पुष्कळांनीं भरती-ओहोटी डोळ्यांनीं पाहिलेलीहि नसेल. तथापि घरचा हिशेब नीट मांडून पाहिला तर किनाऱ्याशीं आपलें खातें बरेंच मोठें आहे असें दिसून येईल. भाकरीबरोबरचें मीठ मिठागरांतून येतें. आठवडेबाजारांत बोंबील व सुकट घेऊन बसणाऱ्या बाईच्या टोपलींतला माल किनाऱ्यावर वाळलेला असतो. आमच्या जिल्ह्याचीं केळीं परदेशीं जातात तीं फार करून न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतून. कपाशीस घालावयाचा युरिया ज्या कारखान्यांत होतो त्यांपैकीं एक मोठा कारखाना अलिबागेजवळ थळ येथें आहे. मुंबईपासून पश्चिमेस भर समुद्रांत सांपडलेल्या वायूच्या भरंवशावर त्याची उभारणी झाली. आणि ट्रॅक्टर ज्या डिझेलवर चालतो त्याचें कच्चें तेल बहुतांशीं समुद्रमार्गेंच देशांत येतें.

तेव्हां समुद्रांतून येणाऱ्या तेलाचा लाभ आपण घेतों हें उघड आहे. त्याच तेलानें ज्यांचें नुकसान होतें त्यांची स्थिति काय, हा प्रश्न आपला नव्हे असें मग म्हणतां येत नाहीं. तेल सांडलें म्हणजे नक्की काय बुडतें, तें भरून कोण देतो, आणि भरपाई मागावयास कोणता कागद लागतो, ह्या तीन गोष्टींचा विचार आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. तिसरी गोष्ट आमच्या जुन्या धंद्यांतली असल्यामुळें तिजवर आमचा भर अधिक राहील.

आधीं ही दौलत कोणती तें पाहूं. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर असें आम्ही मराठी शाळेंत घोकलें होतें. अलीकडे बारीक प्रमाणाच्या नकाशांवरून साऱ्या देशाच्या किनाऱ्याची फेरमोजणी झाली, तींत आपला किनारा सुमारें ८७८ किलोमीटर भरला. किनारा वाढला नाहीं. जुन्या मोजणींत ज्या खाड्या व जीं वळणें सरळ रेषेखालीं गडप झालीं होतीं तीं नव्या मोजणींत उमटलीं. ज्यानें वांकडा बांध साखळीनें मोजतांना पाहिला आहे त्यास ह्याचें नवल वाटणार नाहीं. आणि किनाऱ्याची खरी दौलत आहे ती ह्या वळणांतच.

खाडीच्या चिखलांत तिवर, चिपी, कांदळ इत्यादि झाडांचीं रानें आहेत. आपल्या राज्यांत अशीं रानें तीनशें चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्रावर पसरलेलीं आहेत, आणि २०२० सालीं पांढऱ्या चिपीस राज्याच्या कांदळवृक्षाचा मान देण्यांत आला. शेतकऱ्याच्या भाषेंत बोलावयाचें तर तिवरांचें रान ही समुद्राची रोपवाटिका होय. कोळंबी, खेकडे व कित्येक जातींचे मासे ह्यांचीं पिलें ह्या झाडांच्या मुळांच्या आडोशास वाढतात व मोठीं होऊन खोल पाण्यांत जातात. रोपवाटिका जळाली म्हणजे पुढच्या हंगामांत लावणीस रोप मिळत नाहीं. तोच न्याय येथें लागू पडतो. शिवाय उधाणाच्या लाटेचा जोर हीं झाडें आपल्या अंगावर घेतात, त्यामुळें आंतल्या खार जमिनींचे बांध टिकतात. रायगड जिल्ह्यांत अशा बंदिस्तीच्या आंत भाताचीं खाचरें आहेत, आणि पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्रानें खारेपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती त्यांच्याकरितांच काढिल्या. म्हणजे ह्या झाडांच्या आश्रयानें जसा कोळी जगतो तसा शेतकरीहि जगतो.

ह्याखेरीज ठाणें खाडींत दरसाल हजारों रोहित पक्षी उतरतात. त्या खाडीच्या अभयारण्यास २०२२ सालीं रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. रत्नागिरी जिल्ह्यांत वेळासच्या वाळूंत समुद्री कासवें अंडीं घालतात. मालवणच्या समुद्रांत प्रवाळ आहे व १९८७ पासून तेथें सागरी अभयारण्य आहे. आणि ह्या सर्वांच्या जोडीस माणसें आहेत. २०१० सालच्या मच्छीमार गणनेंत राज्याच्या किनाऱ्यावर ४५६ मच्छीमार गांवें व ८१ हजारांहून अधिक कुटुंबें मोजलीं गेलीं. पुरुष होडी घेऊन जातात. स्त्रिया मासळी विकतात, वाळवितात व ओहोटीच्या वेळीं खडकांवरचीं कालवें आणि चिखलांतल्या तिसऱ्या गोळा करून घर चालवितात.

आतां तेलाकडे वळूं. १९७४ सालीं मुंबई हाय येथें समुद्राच्या तळाखालीं तेल लागलें व मे १९७६ पासून तें निघूं लागलें. तें तेल व वायु समुद्रतळावरील नळांनीं उरणास आणिला जातो. त्याच उरणच्या शेजारीं न्हावा-शेव्याचें बंदर व पलीकडे मुंबईचें बंदर असल्यामुळें मोठमोठ्या जहाजांची ये-जा एकाच अरुंद मार्गानें होते. ज्या खाडींत तिवर अधिक व कोळीवाडे अधिक, तिच्याच तोंडाशीं तेलाचे नळ व जहाजांची वर्दळ एकवटली आहे. एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे संकट कोठून येतें तें वेगळें सांगावयास नको. मे १९९३ मध्यें मुंबई हायकडून उरणास येणारा नळ फुटून हजारों टन तेल समुद्रांत गेलें. ऑक्टोबर २०१३ मध्यें उरणच्या पीरवाडी किनाऱ्यावर पुन्हां नळाचें तेल आलें.

परंतु ज्या प्रसंगानें सर्वांचे डोळे उघडले तो ७ ऑगस्ट २०१० चा. त्या दिवशीं सकाळीं न्हावा-शेव्याहून निघालेलें एमएससी चित्रा हें जहाज व मुंबई बंदराकडे येणारें खलिजिया-३ हें जहाज बंदराच्या तोंडाशीं एकमेकांवर आदळलीं. चित्रा एका अंगावर कललें. त्याजवर सुमारें १,२०० कंटेनर होते. त्यांतले दोनशेंहून अधिक समुद्रांत पडून तरंगूं लागले, आणि कांहींत कीटकनाशकें व इतर घातक रसायनें होतीं. जहाजाच्या टाक्यांत अडीच हजार टनांहून अधिक इंधन-तेल होतें. त्यांपैकीं सुमारें ८०० टन समुद्रांत गेलें असा अंदाज करण्यांत आला. तरंगत्या पेट्यांमुळें दोन्हीं बंदरांची वाहतूक कित्येक दिवस थांबली. तेल घारापुरीच्या तिवरांत शिरलें, उरण व अलिबागच्या किनाऱ्यास लागलें, ठाणें खाडींतहि गेलें.

ह्या वेळेचा विचार करा. त्या वर्षीं नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टची होती. पावसाळ्याचे दोन महिने होड्या ओढून, जाळीं शिवून, उसनवारीनें दिवस काढून कोळी समुद्रावर जावयास निघणार, तोंच सतरा दिवस आधीं समुद्रावर काळी साय पसरली. कपाशीचीं बोंडें फुटूं लागलीं असतां अवकाळी पाऊस यावा तशांतलीच ही गोष्ट झाली. मासे विषारी झाले असा बोभाटा होऊन मुंबईंत मासळीची विक्री बसली. ज्याच्या जाळ्यास तेलाचा थेंबहि लागला नव्हता त्याच्याहि मालास गिऱ्हाईक राहिलें नाहीं. तेल जेथवर पोंचलें तेथवरच नुकसान पोंचलें असें नव्हे. तेलाची वार्ता जेथवर गेली तेथवर तें गेलें.

तेल पाण्यांत पडल्यावर त्याचें काय होतें हेंहि समजून घेतलें पाहिजे. हलकें तेल कांहीं दिवसांत बरेंच उडून जातें. जहाजाचें जाड इंधन-तेल तसें उडत नाहीं. लाटांनीं घुसळलें जाऊन तें पाण्याशीं मिसळतें, फुगतें, लोण्यासारखें घट्ट होतें व शेवटीं डांबराच्या गोळ्यांच्या रूपानें वाळूवर येतें. पावसाळ्यांत वारा नैर्ऋत्येकडून वाहतो, म्हणून त्या दिवसांत सांडलेलें तेल भर समुद्रांत न जातां किनाऱ्याकडेच ढकललें जातें. वाळूवरचें तेल माणसें लावून, कुदळ-फावड्यानें कां होईना, काढतां येतें. तिवराच्या चिखलांत तसें करतां येत नाहीं. त्या झाडाचीं श्वासमुळें चिखलांतून पेन्सिलीसारखीं वर आलेलीं असतात व ओहोटींत तीं बारीक छिद्रांवाटे हवा घेतात. त्यांवर तेलाचा लेप बसला कीं झाड गुदमरतें. पाणी सांचलेल्या रानांत कपाशी कां पिवळी पडते हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच; मुळास हवा न मिळणें हेंच दोन्हींचें कारण. तेल काढण्यास माणसें आंत शिरलीं तर त्यांच्या पायांनीं तें चिखलांत आणखी खोल रुततें, आणि खोल चिखलांत हवा नसल्यामुळें तेल खाणारे सूक्ष्म जंतूहि तेथें नीट काम करीत नाहींत. त्यामुळें वर हिरवें दिसणाऱ्या रानाखालीं तेल वर्षानुवर्षें राहूं शकतें.

चित्राच्या प्रसंगास एक वर्षहि पुरें होतें न होतें तोंच, ४ ऑगस्ट २०११ रोजीं, रॅक नांवाचें कोळशाचें जहाज मुंबईपासून सुमारें वीस सागरी मैलांवर बुडालें. त्यांत साठ हजार टनांहून अधिक कोळसा, २९० टन इंधन-तेल व ५० टन डिझेल होतें. त्याचें तेल जुहूच्या चौपाटीपर्यंत आलें. ह्या प्रकरणीं एका नागरिकानें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें दाद मागितली, आणि ऑगस्ट २०१६ मध्यें न्यायाधिकरणानें जहाज-कंपन्यांनीं १०० कोटी रुपये व मालधन्यानें ५ कोटी रुपये पर्यावरणाच्या भरपाईपोटीं द्यावे असा आदेश केला. ज्यानें घाण केली त्यानें ती निस्तरावी, हें तत्त्व त्यामुळें आपल्या किनाऱ्याच्या बाबतींत स्पष्टपणें लिहिलें गेलें. परंतु जहाज बुडाल्यापासून आदेश होईपर्यंत पांच वर्षें लोटलीं, ही गोष्टहि विसरतां कामा नये. पांच वर्षें कोणा कोळ्याची चूल वाट पाहत नाहीं.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. महसूल खात्यांत कारकुनी करितांना आम्हीं गारपिटीचे, पुराचे व आगीचे पंचनामे पुष्कळ लिहिले. त्यावरून एक गोष्ट आमच्या मनांत पक्की ठसली आहे: नुकसान मोजावयाचें तर आधीं काय होतें तें लिहिलेलें असावें लागतें. गारपीट झाल्यावर तलाठी शिवारांत येतो तेव्हां त्याच्या हातांत कोरा कागद नसतो. गट कोणाचा, क्षेत्र किती, पीक कोणतें, बागाईत कीं जिरायत, हें गांव नमुन्यांत आधींच लिहिलेलें असतें; त्यानें फक्त त्यांतून किती गेलें तें वजा करावयाचें असतें. एकदां एका गांवीं शेजारशेजारच्या दोन लिंबूबागा गारपिटीनें सारख्याच झोडपल्या गेल्या. एकाच्या सातबारावर बाग लागलेली होती, त्यास फळबागेच्या दरानें मदत मिळाली. दुसऱ्यानें बाग लावून चार वर्षें झालीं तरी नोंद करून घेतली नव्हती. कागदोपत्रीं तेथें जिरायत कापूसच होता. झाडें डोळ्यांसमोर आडवीं पडलीं होतीं, पंच सही करावयास तयार होते, तरी त्यास कापसाच्याच दरावर समाधान मानावें लागलें. गारांनीं दोघांत भेद केला नाहीं, भेद केला तो नोंदीनें.

किनाऱ्यावरील बहुतेक माणसें ह्या दुसऱ्या शेतकऱ्यासारखीं आहेत. कोळ्याचें शेत म्हणजे खाडी; तिचा सातबारा त्याच्या नांवें निघत नाहीं. पिढ्यान् पिढ्या ज्या जागीं एक घराणें डोल जाळें लावीत आलें ती जागा गांवास ठाऊक असते, परंतु ती कोणत्या दप्तरांत असेलच असें नाहीं. होडीची नोंदणी असते, सोसायटीकडे डिझेलचा हिशेब असतो. परंतु कालवें गोळा करणाऱ्या बाईचा रोजचा मेळ कोठें लिहिलेला असणार? तेल आल्यावर ती सांगते कीं पूर्वीं रोज दोन पाट्या मिळत, आतां अर्धीहि मिळत नाहीं. विम्याचा माणूस विचारतो, पूर्वीं दोन मिळत ह्यास पुरावा काय? तेथें तिचा दावा संपतो.

तिवरांचीहि गोष्ट तीच. जोंवर तीं कागदावर कोणाचींच नव्हतीं तोंवर त्यांजवर भराव घालणें सोपें होतें. ऑक्टोबर २००५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तिवरांची तोड थांबविण्याचा हुकूम केला, सरकारी जमिनीवरील तिवरें मोजून वन खात्याकडे सोंपविण्याचें काम पुढें सुरू झालें, आणि २०१२ सालीं वन खात्यांत त्याकरितां स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. सप्टेंबर २०१८ मध्यें त्याच न्यायालयानें तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कास बाधक आहे असा निकाल दिला. जें मोजलें गेलें व ज्याची नोंद झाली त्याचें रक्षण करणें शक्य झालें, हा ह्यांतला बोध आहे.

कायद्याची बाजू पूर्वींपेक्षां बळकट झाली आहे हेंहि सांगितलें पाहिजे. जहाजाच्या इंधन-तेलानें होणाऱ्या नुकसानीविषयीं २००१ सालचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत त्यांत २०१५ सालीं सामील झाला. ह्या करारान्वयें एक हजार टनांवरील जहाजाच्या मालकास विमा उतरावा लागतो. साफसफाईचा खर्च, बुडालेलें उत्पन्न व निसर्ग पूर्ववत् करण्याचा वाजवी खर्च मागतां येतो. पीकविम्याचा अनुभव असलेल्या आमच्या वाचकांस पुढची गोष्ट सांगावयास नको: पैसे आहेत, पण ते पुराव्यावर मिळतात. २५ मे २०२५ रोजीं एमएससी एल्सा-३ हें जहाज ६४० कंटेनरांसह केरळच्या किनाऱ्याजवळ बुडालें. केरळ सरकारनें उच्च न्यायालयांत ९,५३१ कोटी रुपयांची मागणी केली. न्यायालयानें त्याच वर्षीं सुमारें १,२२७ कोटींचें तारण मागितलें. अखेरचा आंकडा पुराव्यानेंच ठरावयाचा.

म्हणून किनाऱ्यावरील प्रत्येक गांवीं तेल येण्यापूर्वींच एक नोंदवही असावी असें आमचें मत आहे. तींत होड्या व जाळीं किती, कोणती जाळी कोणत्या जागीं लागते, हंगामाच्या प्रत्येक महिन्यांत कोणती मासळी किती उतरली, कालवें व तिसऱ्या काढणाऱ्या स्त्रिया कोण व त्यांची सरासरी कमाई काय, तिवरें कोणत्या गटांत किती, खारबंदिस्तीच्या उघाड्या कोठें, ह्यांची नोंद असावी. वर्षांतून दोनदां ठराविक जागांचीं छायाचित्रें घ्यावींत व चिखल-पाण्याचे नमुने प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावेत. हें काम मच्छीमार सोसायटी, ग्रामपंचायत व मत्स्यव्यवसाय खातें ह्यांनीं मिळून करावें. शेतकऱ्याकरितां २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, व शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवर करूं लागला. कोळ्याकरितां तशी सोय करणें अवघड नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल कीं नोंदवहीनें तेल थांबत नाहीं. तें खरें आहे. तेल थांबविण्यास नळांची वेळच्या वेळीं तपासणी, जहाजांच्या मार्गाची शिस्त व तटरक्षक दलाची सज्जता हींच पाहिजेत, आणि देशाची तेल-आपत्ति योजना १९९६ पासून त्याकरितां आहे. परंतु ज्याच्या चुकीची किंमत मोजली जात नाहीं तो सावध राहत नाहीं, हाहि व्यवहार आहे. प्रत्येक गांवचा हिशेब तयार आहे हें ठाऊक झालें म्हणजे जहाजाचा मालक व नळाचा धनी दुरुस्तीचा खर्च पुढें ढकलण्यापूर्वीं दोनदां विचार करील.

राहतां राहिलें आमच्या वाचकांचें कर्तव्य. पंपाचें व ट्रॅक्टरचें जळकें ऑईल बदलल्यावर तें बांधाखालीं किंवा नाल्यांत ओतण्याची चाल अजून पुष्कळ ठिकाणीं आहे. तें आधीं आपल्याच विहिरीस बाधतें. नाल्यावाटे गिरणेंत, गिरणेवाटे तापींत व तापीवाटे सुरतेपलीकडे समुद्रांत जाण्यास त्यास वाट मोकळीच आहे. तें डब्यांत सांठवून परवानाधारक खरेदीदारास द्यावें. आमच्या सोसायट्यांनीं गांवोगांव त्याकरितां एकेक पिंप ठेविल्यास खर्च फारसा येणार नाहीं. दुसरें असें कीं, किनाऱ्यावर असा प्रसंग येऊन कोळ्यांच्या भरपाईचा प्रश्न निघेल तेव्हां तो परक्यांचा प्रश्न म्हणून सोडूं नये. गारपिटीच्या वेळीं आपणांस जो न्याय हवा असतो तोच ते मागत असतात. आणि तिसरें, ज्यानें आपल्या बागेची, विहिरीची व पिकाची नोंद अद्याप करून घेतली नसेल त्यानें ती ह्याच हंगामांत करून घ्यावी.